पणजीचं नाव सांगा पाहू!

(रौप्यमहोत्सवी वर्षानिमित्त आपल्या सोसायटीच्या सभागृहात झालेल्या ज्येष्ठ नागरिक मेळाव्यातील भाषण. विषय : आपल्या घराण्याचा इतिहास कसा शोधावा.)



कमिटीने मला सांगितलं, "साहेब, तुम्ही बँकेतले, तर गुंतवणुकीवर बोला." मी म्हटलं, गुंतवणुकीचं तुम्हाला तुमची मुलं मोबाईलवर सांगतात. मी दुसऱ्या एका ठेवीबद्दल बोलतो. ती आपल्या सगळ्यांच्या नावावर आहे, पण तिचं पासबुक बहुतेकांनी कधी उघडलेलं नाही.

सुरुवातीला एक सोपा प्रश्न. आपल्या पणजोबांचं नाव किती जणांना माहीत आहे? बरेच हात वर आले. शाबास. आता पणजीचं? बघा, हात खाली गेले. आणि पणजीचं माहेरचं नाव, माहेरचं गाव? एकच हात. वहिनी, तुमचं अभिनंदन. माझं सगळं भाषण या खाली गेलेल्या हातांबद्दल आहे.

आपल्यापैकी अनेकांची मुलं-नातवंडं परदेशी आहेत. अमेरिकेतल्या शाळेत पोरांना 'तुमच्या घराण्याचं झाड काढून आणा' असं सांगतात आणि मग रात्री इकडे फोन येतो. तिकडे काम तुलनेने सोपं. काऊंटी म्हणजे साधारण आपला जिल्हा. काऊंटीच्या कचेरीत लग्नाच्या, जमिनीच्या, मृत्युपत्राच्या नोंदी मिळतात. इंग्लंडात तर १ जुलै १८३७ पासून जन्म, विवाह आणि मृत्यूची सरकारी नोंदणी आहे. अमेरिकेची शिरगणती ७२ वर्षांनी लोकांसाठी खुली होते. १९५० सालची २०२२ मध्ये खुली झाली, घराघरातल्या माणसांच्या नावांसकट. आपल्याकडे १९४८ च्या जनगणना कायद्याप्रमाणे माणसांची माहिती गोपनीय असते, ती कोणाला दाखवत नाहीत. म्हणजे ती वाट बंद.

मग आपल्याकडे काही नाहीच का? आहे, भरपूर आहे. फक्त एका जागी नाही. म्हणून बँकेतला माणूस जो प्रश्न आधी विचारतो, तोच इथे विचारायचा : हा कागद कोणी लिहिला आणि कशासाठी लिहिला? आपल्या पणजोबांचा इतिहास कोणी मुद्दाम लिहून ठेवला नाही. पण सारा वसूल करायला सरकारला त्यांचं नाव लागत होतं. शाळेच्या मास्तरांना हजेरीसाठी लागत होतं. तीर्थावरच्या उपाध्यायांना यजमान ओळखण्यासाठी लागत होतं. ज्याला नाव लागत होतं, त्याच्याकडे जायचं. एवढं एक सूत्र धरलंत तर निम्मं काम झालं.

पहिली जागा म्हणजे आपलंच घर. माळ्यावरची ट्रंक उतरवा. शाळा सोडल्याचे दाखले, जुनी रेशनकार्डं, भाड्याच्या पावत्या, गिरणीतल्या नोकरीचे कागद, लग्नपत्रिका, जन्मपत्रिका, सगळं बाहेर काढा. पोथीच्या मागच्या कोऱ्या पानावर कोणीतरी जन्मतिथी लिहिलेल्या असतात, ते पान जरूर पाहा. शके लिहिलेलं असेल तर त्यात ७८ मिळवा. पौष, माघ, फाल्गुनातली तारीख असेल तर बहुधा ७९. म्हणजे शके १८५० चा चैत्र हा १९२८ सालचा. मराठवाड्यातल्या मंडळींच्या कागदांवर फसली सन असतो, त्यात साधारण ५९० मिळवायचे. पितृपंधरवड्यात भटजींना वाचायला द्यायची नावांची वही काही घरांत असते. त्यात आई, आजी, पणजी यांचीही नावं घ्यावी लागतात. ती वही तर आधी झेरॉक्स करून ठेवा.

दुसरी जागा म्हणजे शाळा. प्रत्येक शाळेत जनरल रजिस्टर असतं आणि ते कायमचं जपायचं असतं. दाखला हा त्याचाच उतारा. खेड्यातली आजची जिल्हा परिषदेची शाळा १९६२ पूर्वी लोकल बोर्डाची होती, त्यामुळे जुनं रजिस्टर बहुधा त्याच शाळेच्या कपाटात सापडतं. फक्त जन्मतारखेवर डोळे मिटून विश्वास ठेवू नका. आपल्या सोसायटीतच १ जूनला वाढदिवस असलेले किती आहेत, मोजा एकदा! मास्तरांनी पोर उंचीने बघितलं, वर्षं अंदाजे धरली आणि १ जून टाकलं. तारीख मास्तरांची असली तरी वडिलांचं नाव, गाव आणि जात घरच्या माणसाने समोर उभं राहून सांगितलेली असते.

तिसरी जागा महसूल खातं. सातबारा सगळ्यांना माहीत असतो, पण घराण्याच्या इतिहासासाठी सातबाऱ्यापेक्षा फेरफार जास्त कामाचा. फेरफार म्हणजे गाव नमुना ६. खातेदार मयत झाला की त्याचे वारस कोण, हे त्यात नावानिशी येतं. वारस प्रकरणांची वेगळी नोंदवहीही असते, नमुना ६-क. एका फेरफारातून मागच्या फेरफाराचा नंबर मिळतो, त्यातून त्याच्या मागचा. जिना उतरावा तसं एकेक पिढी खाली उतरता येतं. अलीकडे बऱ्याच जिल्ह्यांतले जुने सातबारे आणि फेरफार स्कॅन करून महाभूमीच्या संकेतस्थळावर ठेवलेत. नातवाला सांगा, तो काढून देईल. नाही मिळालं तर तहसील कचेरीच्या अभिलेख कक्षात नकलेचा अर्ज करायचा.

तिथेच आणखी एक वही असते, गाव नमुना १४. लोक तिला कोतवाल बुक म्हणतात. गावातल्या जन्म-मृत्यूची नोंद त्यात होत असे. कित्येक जन्मनोंदींत बाळाचं नावच नसतं, कारण बारसं व्हायचं असतं. नुसतं 'मुलगा' किंवा 'मुलगी' आणि बापाचं नाव. म्हणून शोधताना मुलाचं नाव शोधू नका, बापाचं नाव आणि साल शोधा.

या कागदांची एक भाषा असते, ती शिकून घ्या. 'वल्द' किंवा 'बिन' म्हणजे अमक्याचा मुलगा. 'कोम' म्हणजे अमक्याची बायको. 'अ.पा.क.' म्हणजे अज्ञान मुलाचा पालनकर्ता, 'ए.कु.मॅ.' म्हणजे एकत्र कुटुंबाचा मॅनेजर. आडनाव पुष्कळदा नसतंच. नुसतं 'रामा वल्द गोविंदा'. आणि १९५० च्या आसपासपर्यंतचे पुष्कळ कागद मोडीत आहेत. मोडीची धास्ती घेऊ नका. तहसिलीच्या गावी मोडी वाचणारी माणसं मिळतात, आणि राज्य शासनाचं पुराभिलेख खातं मोडीचे वर्गही घेतं. त्यांचं मुंबईतलं दफ्तर काळा घोड्याजवळ एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीत आहे. पुण्याला पेशवे दफ्तर आहे. वतन, इनाम असं काही घराण्यात असेल तर तिथे जा. नसेल तर तिथे वेळ घालवण्याआधी तहसील आणि शाळा पुरी करा.

जिल्हा मात्र त्या काळचा धरा. सिंधुदुर्ग १९८१ पर्यंत रत्नागिरीत होता. त्याच वर्षी कुलाब्याचं रायगड झालं. लातूर १९८२ पर्यंत उस्मानाबादेत होता. पालघर २०१४ पर्यंत ठाण्यात. धुळ्याला जुन्या कागदात पश्चिम खानदेश म्हणतात, जळगावला पूर्व खानदेश. आपलं देवनारसुद्धा मुळात एक गाव, महसुलाच्या दृष्टीने कुर्ला तालुक्यातलं. मुंबईची हद्द १९५० साली आणि पुन्हा १९५७ साली उत्तरेकडे वाढली. म्हणजे उपनगरातली जुनी नोंद शोधताना त्या वर्षी ते गाव कोणाच्या हद्दीत होतं, हे आधी पाहायचं. आजची नोंद असेल तर महापालिकेचं विभाग कार्यालय.

जन्म-मृत्यू नोंदणीचा पहिला देशव्यापी कायदा १८८६ चा, पण त्यात सक्ती नव्हती. सक्ती आली १९६९ च्या कायद्याने. म्हणून आपल्या वयाच्या पुष्कळांचा जन्मदाखलाच नाही. त्यात लाजण्यासारखं काही नाही. कचेरीतून 'नोंद आढळत नाही' असा लेखी दाखला मिळतो, तो घेऊन ठेवा, तोही पुरावाच. १ ऑक्टोबर २०२३ नंतर जन्मलेल्या बाळांना मात्र शाळाप्रवेशापासून पासपोर्टपर्यंत जन्मदाखलाच आधार आहे, हे तरुण आईबापांनी ध्यानात ठेवावं.

चौथी जागा तीर्थक्षेत्र. नाशिकला, त्र्यंबकेश्वरला, काशी-प्रयागला, हरिद्वारला आपला पूर्वज गेला की तीर्थोपाध्याय वहीत त्याचं नाव, गाव, बाप, आजा, भाऊ, मुलं लिहून घेत आणि खाली सही किंवा अंगठा. हरिद्वारच्या वह्यांचं मोल परदेशी लोकांनीही ओळखलं. अमेरिकेतल्या युटा राज्यातल्या वंशावळी संस्थेने त्यांच्या मायक्रोफिल्म करून घेतल्या. कोल्हापूर, सांगली, सोलापूर आणि बेळगावकडची मंडळी हेळव्यांना ओळखतात. पूर्वी बैलावर बसून ते दारी येत आणि घराण्याच्या पिढ्या वाचून दाखवत. सुगीनंतर अजूनही काही गावांत येतात. आपल्यातल्या ख्रिस्ती कुटुंबांना पॅरिशच्या वह्या आहेत, बाप्तिस्मा, लग्न आणि दफन असं ओळीने लिहिलेलं. मुसलमान बांधवांना काझींच्या निकाहाच्या वह्या आणि कब्रस्तानच्या नोंदी आहेत.

कोणी म्हणेल, गावच राहिलं नाही तर? आपल्या 'बी' विंगमध्ये जावळी तालुक्यातलं एक कुटुंब आहे. त्यांचं गाव कोयनेच्या शिवसागर जलाशयाखाली गेलं. त्यांना वाटत होतं, आता सगळं बुडालं. पण जमीन घेताना सरकारने भूसंपादनाचा निवाडा केला होता आणि निवाड्यात खातेदारांची नावं असतात. त्यांच्या आजोबांचं आणि दोन चुलत आजोबांचं नाव तिथेच मिळालं.

आणि याहून लांबचं उदाहरण मॉरिशसचं. रत्नागिरी, सावंतवाडीकडची माणसं एकोणिसाव्या शतकात उसाच्या मळ्यात मजुरीला तिकडे गेली. तिथल्या वसाहतीच्या सरकारने प्रत्येक मजुराचं नाव, बापाचं नाव, जिल्हा, गाव, वय आणि उंची लिहून ठेवली, पुढे फोटोही काढले. हेतू काय, तर मजूर पळून गेला तर ओळखता यावा. त्या वह्या आज मोका इथल्या महात्मा गांधी संस्थेत आहेत, आणि तिथले मराठी लोक त्यातूनच कोकणातलं आपलं गाव शोधतात. ज्या वहीने पणजोबाला बांधून ठेवलं, तीच पणतवंडाला घरचा पत्ता सांगते.

आता तुम्ही म्हणाल, या वयात हा उद्योग कशाला? एक कारण व्यवहाराचं आहे. जात पडताळणीला वंशावळ लागते आणि जुना पुरावा लागतो. अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५०, अनुसूचित जमातींसाठी ६ सप्टेंबर १९५०, विमुक्त जाती व भटक्या जमातींसाठी २१ नोव्हेंबर १९६१, इतर मागासवर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७, या तारखांच्या आधीचा. मुलाची ॲडमिशन आठवड्यावर आल्यावर आईबाप गावी धावतात, हे दरवर्षी आपण पाहतो. २०२३ साली निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या समितीने कुणबी नोंदी शोधायला घेतल्या, तेव्हा जिल्ह्याजिल्ह्यांतल्या धूळ खात पडलेल्या वह्या बाहेर आल्या आणि लाखो नोंदी सापडल्या. आरक्षणाबद्दल ज्याचं त्याचं मत असो. पण त्या निमित्ताने अनेक जिल्ह्यांनी गावनिहाय जुने कागद संकेतस्थळावर टाकले, ते आपल्या कामाचे आहेत.

वारसाचंही तसंच. बँकेत मी मयत खातेदारांचे दावे वर्षानुवर्षं पाहिले. 'सीताबाई' आणि 'सिताबाई', 'पांडुरंग' आणि 'पांडू' हे एकच माणूस आहे हे सिद्ध करताना विधवा बायकांचे किती हेलपाटे झाले ते मी पाहिलंय. त्यामुळे सांगतो, एकाच नोंदीवर विसंबू नका. दोन वेगवेगळ्या हातांनी, वेगवेगळ्या कामासाठी लिहिलेल्या नोंदी जुळल्या, की मगच पुढची पिढी पक्की धरा. आणि जे सापडेल ते जसंच्या तसं लिहा. कोणी दत्तक निघेल, कोणाचं दुसरं लग्न निघेल, कोणाची जमीन सावकाराकडे गेलेली निघेल. माणसं अशीच होती.

पण माझं खरं कारण व्यवहाराचं नव्हतं. माझी आजी, वडिलांची आई, वडील पाच-सहा वर्षांचे असताना वारली. फोटो नाही. वडिलांना तिचं सासरचं नाव तेवढं माहीत होतं, लक्ष्मी. माहेर कुठलं, माहेरी तिला काय म्हणत, काहीच नाही. वडील गेल्यावर मी शोध सुरू केला. आमचं गाव संगमेश्वर तालुक्यातलं. कोतवाल बुकात बापाचं नाव असतं, आईचं नाही. सातबाऱ्यावर तिचं नाव असायचा प्रश्नच नव्हता. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्यानंतरच्या फेरफारांत मुलींची नावं दिसू लागतात, आणि पुष्कळदा पाठोपाठ हक्कसोडीचा दुसरा फेरफार दिसतो. बाईचं नाव कागदावर येतं तेच कमी होण्यासाठी. आजीच्या नशिबी तेवढंही नव्हतं.

नाशिकला पंचवटीत उपाध्यायांनी गाव आणि आडनाव विचारलं आणि अर्ध्या तासात वही काढली. शके १८५३. पणजोबांच्या अस्थी घेऊन आजोबा आले होते. भावांची नावं, मुलांची नावं, 'भार्या कै. लक्ष्मी', आणि खाली आजोबांची मोडीतली सही. छत्तीस वर्षं मी दुसऱ्यांच्या सह्या पडताळल्या. त्या सहीसमोर मात्र मला चष्मा काढून पुसावा लागला. पण माहेर तिथेही नव्हतं.

मग एक गोष्ट सुचली, ती तुम्हा सगळ्यांच्या उपयोगाची आहे. आपल्याकडे पहिलं बाळंतपण माहेरी होतं. म्हणजे थोरल्या अपत्याचं जन्मस्थळ हे आईचं माहेर असण्याचा संभव जास्त. मी थोरल्या काकांचं शाळेचं रजिस्टर शोधलं. त्यात जन्मगाव म्हणून आमचं गाव नव्हतं, राजापूर तालुक्यातलं एक गाव होतं. त्या गावी गेलो, देवळापाशी चौकशी केली, आणि तिसऱ्या घरात नव्वदीच्या एक आजी भेटल्या. त्या माझ्या आजीच्या भावाची मुलगी. त्या म्हणाल्या, "माझी आत्या ती. चंद्रा. मी तिला बघितलेली नाही, पण आमचे बाबा दर भाऊबीजेला तिचं नाव काढायचे."

चंद्रा. हे नाव कुठल्याही कचेरीत नाही, कुठल्याही वहीत नाही. एका बाईच्या तोंडी तेवढं होतं. त्या आजी पुढच्याच पावसाळ्यात गेल्या.

म्हणून मंडळी, माझं सांगणं एवढंच. कचेऱ्यांतले कागद थांबतील. ते शंभर वर्षं थांबलेत, आणखी वर्षभर थांबतील. माणसं थांबत नाहीत. या सभागृहात ऐंशीच्या पुढचे सात-आठ जण बसलेत. कागदात जे नाही ते यांच्याकडे आहे : बायकांची माहेरची नावं, लहानपणी गेलेली भावंडं, गाव का सोडलं, मुंबईत पहिली रात्र कुठे काढली. या रविवारी त्यांच्याजवळ वही घेऊन बसा, नाहीतर मोबाईलवर रेकॉर्ड करा. सुरुवात बायकांच्या नावांपासून करा. पुरुषांची नावं कुठल्या ना कुठल्या उताऱ्यावर निघतातच.

आपल्या देवनारमध्ये आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्था आहे, १९५६ सालची. देशातल्या जन्म-मृत्यूचा अभ्यास तिथे होतो. त्यांच्या आकड्यांत आपले आजी-आजोबा एक-एक आकडा म्हणून असतील. त्या आकड्याला नाव देणं हे घरच्यांचं काम.

जाता जाता कमिटीला एक विनंती. आपल्या सेक्रेटरींच्या कपाटात सभासदांचं 'आय' रजिस्टर आहे. नाव, पत्ता, धंदा, वय, सभासद झाल्याची तारीख, नॉमिनी, सगळं त्यात आहे. आज ते आपल्याला ऑडिटपुरतं आठवतं. पन्नास वर्षांनी आपल्यापैकी कोणाचा पणतू कदाचित तेच शोधत येईल. त्याला बुरशी लागू देऊ नका, स्कॅन करून ठेवा. आणि या वर्षी प्रत्येक घराकडून एक पान लिहून घ्या : चार पिढ्यांची नावं, मूळ गाव, तालुका, त्या वेळचा जिल्हा, आणि घरातल्या प्रत्येक बाईचं माहेरचं पूर्ण नाव. कोरा नमुना मी तयार केला आहे, तो सोसायटीच्या ऑफिसात ठेवला आहे. भरताना अडलं तर संध्याकाळी पाच ते सात मी खाली बाकावर असतो. मोडीतला कागद असेल तर तोही घेऊन या, वाचणारा माणूस मी शोधून देईन.

पुढच्या महिन्यात पुन्हा भेटू, तेव्हा मी हाच प्रश्न विचारणार आहे. त्या वेळी जास्त हात वर यावेत, एवढी अपेक्षा.